चौथ म्हणजे खंडणीच का?

डहाणूकर: दमणचे पोर्तुगीज रामनगरच्या कोळी राजाला चौथ द्यायचे असं वाचलं. समुद्रावर दरारा असलेले फिरंगी डोंगरातल्या छोट्या राजाला पैसे का देतील? आणि चौथ नि खंडणी एकच का?

तांडेल: एकच नव्हे. खंडणी एकदा ठरवून, बऱ्याचदा वेढा उठवण्यासाठी. चौथ दरसालची, महसुलाचा चौथा हिस्सा. आरमार खाडीच्या तोंडाशी, गावं मात्र आत. तिथली धाड थांबवायला फौज ठेवण्यापेक्षा चौथ स्वस्त. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांनी रामनगर घेतलं आणि दमणकरांकडे तीच चौथ मागितली. हक्क राज्याबरोबर येतो, हा मुद्दा!

जमाखर्च: १७१९ मध्ये मुघल बादशहाने शाहू महाराजांना चौथ नि सरदेशमुखीच्या सनदा (हक्काचे लेखी हुकूम) दिल्या, त्यानंतरची वाटणी बघा. महसूल १ लाख धरला तर चौथ २५,०००. त्यात राजाची बाबती पाव हिस्सा, ६,२५०. सचिवांचं साहोत्रा ६ टक्के, १,५००. नाडगौडा ३ टक्के, ७५०. उरलेला १६,५०० सरदारांचा वाटा, म्हणजे मोकासा. सरदेशमुखी, म्हणजे महसुलाचा आणखी दहावा हिस्सा, तिचे १०,००० वेगळे. घोळ इथे व्हायचा की आकारणी जुन्या तनख्यावर (पूर्वी ठरलेल्या साऱ्यावर), आणि गाव निम्मं ओसाड. मग कागदावर बाकी फुगत जाते.

डहाणूकर: म्हणजे बाकी हेच पुढच्या स्वारीचं निमित्त?

तांडेल: बरेचदा. गंमत म्हणजे त्याच सनदांत शाहू महाराजांनीही बादशहाला दरसाल १० लाख पेशकश (नजराणा) कबूल केली होती.