बाबांना डावा कौल (देवीचा नकार) आलाय, ऑपरेशन नको म्हणतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मालवणजवळच्या आमच्या गावातून लिहितेय. बाबांना जुनी शुगर आहे, पावसात अनवाणी शेतात फिरताना पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं ते त्यांना कळलंच नाही आणि आता अंगठा पार काळा पडलाय. डॉक्टरांनी डॉप्लर (पायातल्या रक्तप्रवाहाची तपासणी) वगैरे करून सांगितलं अंगठा काढा, नाहीतर इन्फेक्शन वर चढलं की गुडघ्याखालून पाय जाईल, रक्तात पसरलं तर जिवावर बेतेल. बाबांनी देवळात कौल लावला, म्हणजे देवीला विचारलं, तर डावा आला. विषय संपला. "देवीन डावो दिल्यान, आता माका इचारू नको." रोज जखमेवर अंगारा लावतात आणि दुखत नाही ही देवीची कृपा म्हणतात. डॉक्टर म्हणतात न दुखणं हेच वाईट, शुगरमुळे नसा बधिर झाल्यात.

प्लीज अंधश्रद्धा वगैरे सुनावू नका. माझीही श्रद्धा आहे, आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखसुद्धा कौल घेऊनच ठरते, आम्ही त्यातच वाढलो. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा पण बघितला, साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार घेऊ न देणं त्यात गुन्हा आहे, पण इथे बाबांना अडवतंय कोण? ते स्वतःच नको म्हणतायत आणि शुद्धीत असलेल्या माणसाच्या संमतीशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत.

मला विचारायचंय ते असं, की बाबांनी गाऱ्हाणं (देवीपुढे मागणं) घातलं ते "पाय कापू काय" असं. डॉक्टर तर पाय वाचवायलाच अंगठा काढतायत ना! मग गुरवकाका आणि मानकऱ्यांना सगळं समजावून "डॉक्टरच्या हाताला यश दे, पाय राख" असं नवीन गाऱ्हाणं घालता येतं का? तुमच्या गावात आजारपणात असं कोणी केलंय का? आत्या म्हणते परत विचारणं म्हणजे देवीची परीक्षा बघणं. आणि परत डावा आला तर काय करू, याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

कुडाळ, ओरोस किंवा गोव्यात बांबोळीला म्हाताऱ्या माणसाशी शांतपणे, त्याच्या देवाला नावं न ठेवता बोलणारे सर्जन माहीत असतील तर तेही सांगा. कालपासून जखमेला वास येतोय, अंगात कणकण आहे. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आत्ताच्या आत्ता आणा. गाडी दारात उभी आहे पण बाबा उठायला तयार नाहीत.