मदत हवी आहे: पाळ्यांचा क्रम बदलताना

नमस्कार मंडळी. चोवीस तास चालणाऱ्या विभागात चार गट आहेत, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. सध्याचा क्रम उलटा आहे: रात्र, मग दुपार, मग सकाळ. खरी गोची दुपारवरून सकाळवर येताना होते. रात्री १० ला सुटलेला माणूस पहाटे ६ ला परत मशीनपाशी. मधल्या ८ तासांतून जाणं-येणं, जेवण, अंघोळ वजा करा. झोप जेमतेम ५ तास. डोळे चुरचुरतात, मीटरचं रीडिंग दोनदा बघावं लागतं, पित्त वाढतं, घरी चिडचिड होते.

सुचवलेला क्रम असा: २ सकाळ, २ दुपार, २ रात्री, २ सुट्ट्या. आठवड्याला सरासरी ४२ तास भरतात आणि पाळी बदलताना मध्ये पूर्ण २४ तास मिळतात. शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं, मागे ओढणं कठीण.

अनुभवींना विचारायचंय:

शेवटच्या रात्रीनंतर सकाळी ६ ला सुट्टी सुरू होते, म्हणजे पहिली सुट्टी झोपण्यातच जाते. २ ऐवजी ३ सुट्ट्या कुणी बसवल्या आहेत का? मनुष्यबळ कसं जुळवलं?

पहाटे ३ ते ५ मध्ये डुलकी अनावर होते. तेव्हा २० मिनिटांची झोप अधिकृतपणे दिली, तर उठल्यावर किती वेळ जोखमीचं काम देऊ नये?

आणि फरक मोजायचा कसा? झोपेची नोंदवही व रक्तदाब पुरेसा आहे का? आपापसात पाळी बदलण्याची मुभाही द्यायची आहे, कारण वेळेवर स्वतःचा ताबा नसणं हाच मोठा ताण असतो.