स्लेच्या जागी कोण?

रविवार, 9 मार्च 2025, सकाळ
प्रेषक: बक्स काउंटी

नमस्कार मंडळी,

आपल्या फिलाडेल्फिया ईगल्सनी अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल, जिंकला, त्या ब्रॉड स्ट्रीटच्या मिरवणुकीत बसलेला घसा आत्ता कुठे सुटला, तर लगेच काळजी सुरू. डेरियस स्लेला सोडतायत. 2020 मध्ये डेट्रॉइटला ड्राफ्टमधले (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले) तिसऱ्या आणि पाचव्या फेरीचे पिक देऊन त्याला आणला, तेव्हापासून पाच हंगाम त्याने कॉर्नर म्हणून, म्हणजे पास झेलणाऱ्याला अडवणारा कडेचा बचावपटू म्हणून, एक बाजू सांभाळली. आता वय 34, पगार मोठा. हिशोब मलाही कळतो. पण त्याच्या जागी उभा कोण राहणार?

माझं मत सांगतो: शार्व्हेरियस वॉर्ड, सॅन फ्रान्सिस्कोचा. 2023 च्या हंगामात अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त पास त्याने उधळले, 23. उद्या दुपारी बारापासून करार संपत आलेल्या खेळाडूंच्या एजंटांशी बोलणी करता येतील. आपल्या जनरल मॅनेजर हाउई रोझमनने पहिला फोन त्याच्यासाठी लावावा. एका बाजूला क्विन्यॉन मिचेल, दुसऱ्या बाजूला वॉर्ड, मध्ये स्लॉटला, म्हणजे कडेपासून आतल्या जागी, कूपर डिजीन. मग समोरच्याने चेंडू टाकायचा कुठे?

कॉर्नर बाजारातून विकत घेऊ नये, असं हल्ली या ईमेल लिस्टवरही वाचतो. मला ते मान्य नाही. मी जुन्या व्हेटरन्स स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर बसून ट्रॉय व्हिन्सेंट पाहिलाय. 1996 मध्ये मायामीहून फ्री एजंट (करार संपलेला खेळाडू) म्हणून आला. आपल्याच बक्स काउंटीतल्या पेन्सबरी हायस्कूलचा मुलगा. आठ हंगाम खेळला, त्यातले शेवटचे पाच सलग प्रो बोल, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंत. बाजारात चांगला माणूस मिळतो, पारख असली पाहिजे.

रविवार, 9 मार्च, रात्र
प्रेषक: एक्सटन

काका, व्हिन्सेंटबद्दल वादच नाही. पण त्याच्यानंतरचं काय?

2011 च्या उन्हाळ्यात मी पुण्याहून इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. हा खेळ नुकताच कळायला लागला होता. मालक आणि खेळाडूंच्या वादातला लॉकआउट (टाळेबंदी) संपला आणि आठवड्याभरात आपण ओकलंडच्या कॉर्नरला, नाम्दी असोमवाला घेतलं. पाच वर्षं, 6 कोटी डॉलर. तेव्हा एका संघाची पगाराची मर्यादा 12 कोटींच्या आसपास होती, म्हणजे दहातला एक डॉलर या एका माणसावर. ऑफिसमध्ये लोक टाळ्या देत होते. 'ड्रीम टीम' हा शब्द तेव्हाचाच. त्या हंगामात आठ जिंकले, आठ हरले. पुढच्या हंगामात चार जिंकले, बारा हरले, प्रशिक्षक अँडी रीड गेला आणि मार्चमध्ये असोमवाही गेला.

तो वाईट खेळाडू होता म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. ओकलंडमध्ये तो उजव्या बाजूला रेघेवर उभा राहायचा, समोरच्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) हाताने अडवायचा आणि शेवटपर्यंत त्याला चिकटायचा. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारे, त्याच्याकडे बघायचेच नाहीत. इथे आणून त्याला कधी आत स्लॉटला उभा केला, कधी झोनमध्ये, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायला, मागे ठेवला. माणूस एका कामासाठी घेतला आणि भलत्याच कामाला जुंपला.

मी कॉलेजात कबड्डी खेळलो, डावा कोपरा. म्हणून मला हे असं दिसतं. एक कोपरा असा असतो की चढाई करणारा आत आला की त्याच्या पायावरच नजर, आणि एकदा घोटा धरला की सोडायचा नाही. दुसरा कोपरा साखळीत खेळतो. शेजारच्याचा हात हातात, सगळी फळी एकत्र पुढे-मागे, एकट्याने झेप घ्यायची नाही. पहिल्या जातीच्या कोपऱ्याला साखळीत बांधलं की तो हात सोडून झेपावतो आणि फळीला खिंडार पडतं. आमच्या संघात हे डोळ्यांनी पाहिलंय.

आपला बचावाचा प्रशिक्षक विक फँजिओ, त्याचा बचाव म्हणजे साखळी. दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) खोल मागे, कॉर्नरची नजर क्वार्टरबॅकवर, डोक्यावरून पास जाऊ द्यायचा नाही, समोरचा छोटा झेल दिला तरी चालेल पण लगेच पाडायचा. न्यू ऑर्लिन्सला सुपर बोलमध्ये एकदाही ब्लिट्झ (जादा माणसं घालून हल्ला) न करता कान्सस सिटीचा क्वार्टरबॅक माहोम्सला सहा वेळा झोपवला तो या शिस्तीवर. डिजीनने स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी 38 यार्डांचा पिक-सिक्स (समोरच्याचा पास पकडून थेट टचडाउन) केला, तोही डोळे क्वार्टरबॅकवर होते म्हणून. अशा बचावात दुसऱ्या बाजूला 2 कोटींचा माणूस लागत नाही. लागतो तो पाडापाडी करणारा, जागा न सोडणारा.

बायरन मॅक्सवेलची आठवण काढावीच लागेल. 2015 मध्ये सिएटलहून सहा वर्षांसाठी 6.3 कोटींना आणला. पहिल्याच सामन्यात अटलांटात ज्युलियो जोन्सने त्याची काय अवस्था केली, ते सोमवारची रात्र जागून सगळ्यांनी पाहिलं. एका हंगामात मायामीला पाठवला.

सोमवार, 10 मार्च, सकाळ
प्रेषक: चेरी हिल

दोघांनाही नमस्कार. मी दिवसभर ताळेबंदच पाहते, म्हणून एक मुद्दा पैशांच्या बाजूने.

यंदाची मर्यादा 27.92 कोटी आहे. वॉर्डला वर्षाला 2 कोटी दिले तर सात टक्के. असोमवाच्या दहा टक्क्यांच्या मानाने हे कमीच आहे, त्यामुळे नुसत्या आकड्याने घाबरू नका. माझी अडचण वेगळी आहे. आपले बरेच खेळाडू आता दुसरीकडे जातील. करार संपून जाणाऱ्या खेळाडूंच्या बदल्यात पुढच्या वर्षी लीग आपल्याला भरपाईचे पिक देते, चांगल्यात चांगला तिसऱ्या फेरीचा. पण बाहेरून करार संपलेला महागडा खेळाडू घेतला की तो त्यातल्या एका पिकावर काट मारतो. म्हणजे वॉर्डची किंमत पगार अधिक एक पिक. ज्याला त्याच्या संघाने करार मोडून सोडलं, तो या हिशोबात येत नाही. अगदी स्वस्तात आलेलाही येत नाही.

आठवा, जेम्स ब्रॅडबेरी असाच मिळाला होता. 2022 मध्ये जायंट्सनी पैशांपायी सोडला, आपण एका वर्षासाठी 72.5 लाखांत घेतला आणि तो सुंदर खेळला. चूक पुढच्या वर्षी झाली. तिशीला टेकलेल्या कॉर्नरला तीन वर्षांचा करार दिला आणि त्याच हंगामात त्याचे पाय मंदावले. त्या कराराआधी, फेब्रुवारी 2023 मध्ये कान्सस सिटीविरुद्ध हरलेल्या सुपर बोलमध्ये शेवटी त्याच्यावर होल्डिंग (नियमबाह्य धरणं) दिलं गेलं तेव्हा घरात आम्ही सगळे पंचांवर चिडलो होतो. त्याने मात्र सामना संपल्यावर, हो, मी धरलं होतं, असं उघडपणे सांगितलं. त्या माणसाबद्दल माझा आदर तेव्हापासून आहे.

एका वर्षाचा करार, सोडलेला किंवा स्वस्त खेळाडू, आणि ड्राफ्ट. एवढंच करावं.

सोमवार, 10 मार्च, दुपार
प्रेषक: कार्यकारिणी

मंडळी, चर्चा चालू राहू द्या, आम्हीही वाचतोय. फक्त पाडवा रविवारी 30 मार्चला आहे आणि श्रीखंडाचा अंदाज शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. किती जण येणार ते वेगळ्या विषयाने कळवा, या धाग्यात ते हरवतं.

मंगळवार, 11 मार्च, रात्र
प्रेषक: बक्स काउंटी

चोवीस तासांत काय काय झालं बघा. जॉश स्वेट ॲरिझोनाला, 7.64 कोटी. मिल्टन विल्यम्स न्यू इंग्लंडला, 10.4 कोटी. सुपर बोलमध्ये स्वेटचे अडीच सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं), विल्यम्सचे दोन. सहापैकी साडेचार सॅक दारातून निघून गेले. वॉर्ड इंडियानापोलिसला तीन वर्षं 6 कोटींना, दुसरा कॉर्नर डी. जे. रीड डेट्रॉइटला 4.8 कोटींना. आपला कॉर्नर आयझेया रॉजर्स मिनेसोटाला. सेफ्टीतला गार्डनर-जॉन्सनही ह्यूस्टनला देऊन टाकला.

एक्सटन, तुझी साखळी मला पटली. पण साखळी टिकते कधी? समोरच्याला विचार करायला वेळ मिळत नाही तेव्हा. पुढची फळी अडीच सेकंदांत पोहोचत होती म्हणून मागच्यांना अडीच सेकंदच धरावं लागत होतं. आता तिथे तीन-साडेतीन सेकंद लागले तर झोनमध्ये उभा राहिलेला कॉर्नर काय करणार? रिसीव्हर मधल्या मोकळ्या जागा शोधणार आणि क्वार्टरबॅक त्याला शोधणार. पास रश (क्वार्टरबॅकवरचा पुढच्या फळीचा हल्ला) गेला तर कॉर्नर चांगला हवा, हे माझं मूळ म्हणणं आता अधिक पक्कं झालंय.

आणि ताई, ड्राफ्टही काही हमी देत नाही. 2002 मध्ये लिटो शेपर्डनंतर पहिल्या फेरीत आपण थेट 2024 ला कॉर्नर घेतला. बावीस वर्षं. मधल्या काळात 2017 ला दुसऱ्या फेरीत सिडनी जोन्स घेतला, टाचेची शीर तुटलेली असताना. त्याचा इथे कधी जमच बसला नाही. तिसऱ्या फेरीतला रसूल डग्लस आपण सोडला आणि तो ग्रीन बेला जाऊन चमकला. एका वर्षी मिचेल आणि डिजीन दोघेही खरे निघाले. असं वर्ष दर वेळी उगवत नाही.

मंगळवार, 11 मार्च, रात्र
प्रेषक: वेस्ट फिली

काका, मी सगळ्यात लहान आहे, पण आपल्याच कॉर्नर केली रिंगोचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? 2023 ला चौथ्या फेरीत त्याच्यासाठी पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा पिक दिला होता. जॉर्जियातून दोन वेळा राष्ट्रीय विजेता, उंच, तगडा आणि वेगवान. दोन वर्षं तो स्पेशल टीममध्ये (किकच्या वेळी उतरणाऱ्या गटात) धावतोय. आता नाही तर कधी उतरवणार? मिचेलला पहिल्या सामन्यापासून उतरवला म्हणून तो घडला. नियमित हंगामात त्याला एकही इंटरसेप्शन (समोरच्याचा पास पकडणं) नव्हतं, प्लेऑफमध्ये दोन आली.

डिजीनला बाहेर हलवा असंही कुणी म्हणू नये. टॅम्पाला हरल्यावर सुट्टीचा आठवडा आला, त्यानंतर क्लीव्हलँडविरुद्ध तो स्लॉटला उतरला आणि तिथून बचाव बदलला. बाल्टिमोरमध्ये त्याने त्यांच्या धिप्पाड डेरिक हेन्रीला एकट्याने पाडलं ते आठवा. तो मध्येच राहू दे.

बुधवार, 12 मार्च, पहाट
प्रेषक: एक्सटन

काकांच्या अडीच सेकंदांवर रात्रभर विचार केला. ते बरोबर आहेत, आणि मी त्याचा विचार केलाच नव्हता. पण त्यातून निघतं काय, तर हाताशी आहे तो पैसा पुढच्या फळीत घाला. जेलन कार्टर आणि जॉर्डन डेव्हिस आहेत, कडेला नोलन स्मिथ आहे, तिथे अजून एक हवा. कॉर्नर कितीही भारी घेतला तरी चार सेकंद कुणीही धरू शकत नाही, असोमवाही नाही.

रिंगोबद्दल मला एकच शंका आहे. तो वेगाने धावतो, पण चेंडू हवेत असताना मान वळवायला उशीर करतो. फँजिओला नेमकं तेच चालत नाही. तरी संधी मिळावी. त्याच्यासोबत एक अनुभवी माणूस हवा, ज्याने मार खाल्लाय असा.

रविवार, 23 मार्च, संध्याकाळ
प्रेषक: चेरी हिल

एडोरी जॅक्सन, एक वर्षाचा करार. वय 29. भरपाईच्या पिकांना धक्का नाही. मी समाधानी आहे.

रविवार, 23 मार्च, रात्र
प्रेषक: बक्स काउंटी

मला वॉर्ड हवा होता, ते लपवत नाही. जॅक्सन जायंट्सकडे तीन वर्षांच्या 3.9 कोटींच्या करारावर खेळला आणि त्यात दुखापतींनी बरेच सामने गेले. सतरा सामने तो टिकेल का, ही माझी भीती कायम आहे.

पण एक गोष्ट सांगतो. 2017 चा ड्राफ्ट आपल्याकडे पार्कवेवर झाला, आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवर मंच होता. मी आणि माझी मुलगी दुपारपासून गर्दीत उभे होतो. चौदाव्या क्रमांकावर आपण डेरेक बार्नेटला घेतलं तेव्हा तिने मला मिठी मारली. अठराव्यावर टेनेसीने एडोरी जॅक्सनचं नाव घेतलं, तेव्हा मी तिला म्हणालो होतो, हा आपल्याकडे हवा होता, याचे पाय बघ. आठ वर्षांनी आला. पाय तेवढे राहिलेत का, ते ऑगस्टमधल्या सरावात कळेल. मी जाणार आहे. वेस्ट फिली, तुला यायचं असेल तर माझ्या गाडीत जागा आहे. रिंगोची मान वळते का, तेही जवळून पाहू.

पाडव्याला आमच्याकडून चार जण.