मदत हवी आहे: स्पाइसबॉम्ब एक्स्ट्रीम घेऊ की वन मिलियन?

मंडळी, डिसेंबरात इंदूरलाच चुलतभावाचं लग्न आहे, संध्याकाळचं, लॉनवर, म्हणजे चांगलीच थंडी असणार. त्यासाठी जरा दणदणीत मसालेदार परफ्यूम घ्यायचाय आणि दोनावर येऊन अडकलोय. व्हिक्टर अँड रॉल्फचा स्पाइसबॉम्ब एक्स्ट्रीम (मिरी, तंबाखू, व्हॅनिला) आणि पाको रबानचा २००८ चा वन मिलियन (दालचिनी, लेदर, वर गोडवा).

दुकानात वास घ्यायच्या कागदी पट्टीवर दोन्ही आवडले, मग एकेका मनगटावर एकेक मारून घेतला आणि मूर्खासारखा तिथूनच सराफ्यात (आमचा रात्रीचा खाऊबाजार) गेलो, गराडूच्या (तळलेला कंद) मसाल्यापुढे काही कळेचना, घरी येईपर्यंत डावं कुठलं नि उजवं कुठलं तेही विसरलो! परत एकेक करून ट्राय करणार आहेच, पण तोवर वापरलेल्यांचं ऐकायचंय.

अत्तर नको, घरी खस आणि शमामा दोन्ही आहेत. डुप्लिकेट, डीकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढलेला) पण नको. बाटली एकच घेणार, तीच नंतर ऑफिसात एसीमध्येही वापरणार, शेजारच्या टेबलावरच्या काकूंना उग्र वासाने डोकं चढतं.

तर दोन फवाऱ्यांत लग्नात चार-पाच तास टिकेल आणि एका फवाऱ्यात ऑफिसात खपून जाईल, असा यातला कोणता?