रेसचा टेकआउट : घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

क्वीन्सवाला

मंडळी, घोड्यांच्या रेसमधलं कळणारं कोणी आहे का इथे? मी न्यूयॉर्कला असतो, कधीमधी शनिवारी अ‍ॅक्विडक्टच्या रेसकोर्सवर जातो, पाच डॉलरच्या तिकिटापलीकडे आपली मजल नाही. परवा एक घोडा गेटमध्ये शिरेपर्यंत बोर्डावर ४-१ होता (म्हणजे एकाला वर चार), मी विन लावला (तोच पहिला येणार म्हणून), रेस सुटली आणि मागच्या सरळ पट्ट्यावर घोडे असताना बोर्ड बघतो तर भाव ५-२! जिंकला पठ्ठ्या, पण पाचाचे पंचवीस येतील म्हणून बसलो होतो तर आले साडेसतरा. शेजारचे एक आजोबा म्हणाले की हे कॉम्प्युटरवाले शेवटच्या सेकंदाला पैसे ओततात आणि त्यांना टेकआउट, म्हणजे वाटायच्या आधी कापतात तो हिस्सापण तुझ्याएवढा पडत नाही. आता विनच्या पूलमधून (सगळ्यांनी विनला लावलेल्या एकत्र पैशातून) १६ टक्के कापतात म्हणजे सगळ्यांचेच कापत असणार ना? मग मोठ्याला कमी कसा पडेल?

बेरीजवजाबाकी

कापतात सगळ्यांचेच १६, आजोबा बोलले तेही खरं. पूलमधून कट गेल्यावर मोठ्या गिऱ्हाइकाला मागच्या दाराने रिबेट मिळतो. ट्रॅक आपल्या रेसवर बेटिंग घ्यायचा हक्क बाहेरच्या बेटिंग कंपन्यांना विकतो, त्या ट्रॅकला ठरलेली फी देतात, उरलेला कट त्यांचा, आणि त्यातला बराचसा त्या बड्या खेळाडूला परत करतात. खिडकीवर पाच डॉलर देणाऱ्याला कोण विचारतंय.

आता हिशोब बघ. समजा एक टीम वर्षाला १ कोटी डॉलर लावते आणि ४ टक्के हरते, म्हणजे ४ लाख गेले. रिबेट ८ टक्के धरला तर ८ लाख आले. हरूनसुद्धा ४ लाख नफा! त्यामुळे त्यांना जिंकायची गरजच नाही, थोडंसंच हरायचं आणि खूप लावायचं, एवढाच धंदा.

आणि खरी मेख पुढे आहे. १०० डॉलरच्या पूलमधून ८४ परत वाटतात. त्यातले २० त्या टीमचे, त्यांना ४ टक्केच तोटा म्हणजे १९.२० परत गेले. राहिले ६४.८०, ते तुझ्यामाझ्या ८० डॉलरमध्ये. म्हणजे आपल्याला शंभराला ८१. बोर्डावर १६ लिहिलंय, आपल्याला पडतो १९. पूल तोच आहे ना, त्यांनी जास्त नेलं की आपलं कमीच होणार.

भाव पडतो त्याचंही एक कारण हेच, त्यांचे प्रोग्रॅम शेवटचा बोर्ड बघून लावतात आणि ठिकठिकाणचे पैसे पूलमध्ये एकत्र दिसेपर्यंत रेस सुटलेली असते. न्यूयॉर्कच्या ट्रॅकवाल्यांनी २०२१ मध्ये विन पूलमध्ये शेवटच्या २ मिनिटांत लावायला त्यांना बंदी घातली, म्हणजे तिथे भाव काय फक्त त्यांच्यामुळेच पडतो असं नाही, शेवटच्या मिनिटाला आपणही सगळे खिडकीवर गर्दी करतोच की.

नानाची_टांग

मला यात एवढं काही वावगं वाटत नाही. दहा पोती घेणाऱ्याला वाणीपण भाव कमी लावतो. ही मंडळी गेली तर पूल बारीक होतील, मग तुमचे ५० डॉलर लावले तरी भाव हलेल, बसा मग बोंबलत. आणि छोटा खेळाडू टेकआउट बघतो तरी का, त्याला ट्रायफेक्टा (पहिले तीन घोडे क्रमाने ओळखायचे) मारायची असते.

बेरीजवजाबाकी

@नाना, वाण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकामुळे माझ्या पोत्यातली साखर कमी होत नाही, इथे होते. आणि बघत नाही म्हणता तर २०१७ चं केंटकीतलं कीनलँड रेसकोर्स आठवा. विनचा कट १६ वरून १७.५ आणि बहुतेक एक्झॉटिकचा (एकाहून जास्त घोडे जुळवायच्या बेटचा) १९ वरून २२ केला, खेळाडूंनी बहिष्कार टाकला, बेटिंग घसरलं आणि पुढच्याच वर्षी काही दर त्यांना खाली आणावे लागले. अर्थात बहिष्कारात जास्त जोर मोठ्या हिशोबी लोकांचाच होता हे मान्य. छोट्याला एका रेसला तीन टक्के जाणवत नाहीत, पण तो आलेले पैसे पुन्हा पुढच्या रेसला लावतो. १०० डॉलर पाच रेस असे फिरवले तर १६ टक्क्यांनी सरासरी ४२ उरतात, २४ टक्क्यांनी २५. न्यूयॉर्कमध्ये ट्रायफेक्टाला २४ च आहे.

कोरेगावपार्कचा_पंटर

तुम्ही १६ न् २४ वर भांडताय, आमच्याकडे या जरा. पुणे-महालक्ष्मीला क्लबचं कमिशन वेगळं, आणि वर जीएसटी, तोही कमिशनवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. २०१७ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०! त्यात एका तिकिटाची जिंकलेली रक्कम १०,००० च्या वर गेली की ३० टक्के टीडीएस जागेवर कापून घेतात आणि दिवसभर हरलेलं त्यातून वजा करता येत नाही. म्हणजे अमेरिकेच्या बरोब्बर उलटं, छोट्याला जीएसटीच कापतो, मोठ्याला जीएसटी आणि टीडीएस दोन्ही. मग मोठा माणूस टोटवर (क्लबच्या अधिकृत बेटिंगवर) कशाला थांबेल? फोनवरच्या बेकायदा बुकीकडे ना पावती ना टॅक्स, उधारीपण चालते. स्टँडमध्ये उरलो आम्ही, दोनशे रुपयांत जॅकपॉटची स्वप्नं बघणारे. पूल एवढे बारीक झालेत की एखाद्याने जरा दाबून पैसे लावले की फेव्हरेटचा भाव मातीत.

नानाची_टांग

बघा, मोठे गेले की काय होतं ते आलंच की यात 😄 हाँगकाँगला हे आधीच कळलं. २००६ मध्ये तिथे बेटिंग ड्यूटी उलाढालीवरून काढून क्लबकडे उरणाऱ्या पैशावर लावली आणि एका बेटला १०,००० हाँगकाँग डॉलर किंवा जास्त लावून हरलात तर १० टक्के परत द्यायला सुरुवात केली, बाहेरच्या बुकींकडे जाणारं गिऱ्हाईक थांबावं म्हणून. विनचा कट १७.५ च आहे अजून.

कोरेगावपार्कचा_पंटर

तिथला रिबेट निदान जाहीर तरी आहे, रक्कम भरली की कोणालाही मिळतो. अमेरिकेत कोणाला किती ते कोण सांगतंय? आणि इथे तर सरकारला उलाढाल सोडायचीच नाहीये, ती आटली तरी चालेल.

क्वीन्सवाला

धन्यवाद सगळ्यांना, डोक्याला शॉट लागला पण कळलं. मग माझ्यासारख्याने करायचं काय? ऑनलाइन अकाउंट उघडलं तर थोडाफार रिबेट मिळतो का?

बेरीजवजाबाकी

काही कंपन्या पॉइंट देतात, उघडायच्या आधी विन आणि एक्झॅक्टाला (पहिले दोन घोडे क्रमाने) किती ते वेगवेगळं विचार, कारण जाहिरातीत सगळ्यात मोठा आकडा टाकतात. बाकी ट्रायफेक्टा कमी कर, विनला १६ आणि एक्झॅक्टाला १८.५ आहे तिथेच राहा. आणि अगदी फेव्हरेटवर प्लेस-शो (पहिल्या दोनात किंवा तिनात येणार म्हणून लावतात ते) नको, तिथे ब्रेकेज चावतो. दोनाच्या तिकिटाला २.९८ बसत असतील तर न्यूयॉर्कला हातात २.९० देतात, वरचे ८ सेंट गेले. केंटकीत २०२२ पासून सेंटपर्यंत हिशोब देतात, म्हणून जवळपास सारखेच घोडे दोन्हीकडे दिसले तर मी तिकडची रेस घेतो.

क्वीन्सवाला

ओके, या शनिवारी केंटकीचं कार्ड (दिवसाच्या रेसची यादी) बघतो. शेवटच्या मिनिटाला भाव तिकडेपण असाच पडतो का?

बेरीजवजाबाकी

पडतो रे, तिथेही तीच मंडळी आहेत. ४-१ दिसला तर ३-१ धरूनच लाव.