विकिफंक्शन्स: मराठी सामान्यरूपाच्या फंक्शनमध्ये ‘वारा’ नापास का होतो?

प्रश्न (पंचवटी, नाशिक)

नमस्कार. आम्ही नाशिकमधील पाच स्वयंसेवक गेल्या काही रविवारांपासून विकिफंक्शन्सवर (कोणीही फंक्शने, म्हणजे इनपुट घेऊन उत्तर देणारे छोटे प्रोग्रॅम, लिहू शकेल असा विकिमीडियाचा प्रकल्प) मराठी नामाचे सामान्यरूप देणारे फंक्शन तयार करीत आहोत. ‘कांदा’ दिल्यास ‘कांद्या’ आणि ‘नदी’ दिल्यास ‘नदी’, म्हणजे विभक्तिप्रत्यय लागण्याआधीचे रूप मिळावे, एवढीच अपेक्षा आहे. एकाने पायथनमध्ये आणि दुसऱ्याने जावास्क्रिप्टमध्ये इम्प्लिमेंटेशन (फंक्शनचे काम प्रत्यक्ष करणारा कोड) लिहिले असून कांदा, मळा, येवला या शब्दांच्या चाचण्या दोन्हींत उत्तीर्ण होतात. मात्र ‘वारा’ दिल्यावर ‘वार्या’ असे उत्तर आले, म्हणजे ‘या’च्या डोक्यावर रफार चढला. ते दुरुस्त केल्यावर माझी चाचणी उत्तीर्ण झाली, पण सहकाऱ्याने त्याच शब्दासाठी लिहिलेली चाचणी अजूनही नापास होते, आणि गंमत अशी की अपेक्षित उत्तर व मिळालेले उत्तर पडद्यावर हुबेहूब सारखे दिसते.

शिवाय ‘काका’चे ‘काक्या’ आणि ‘निफाड’चे ‘निफाडा’ होते, म्हणून आम्ही कोडमध्येच अपवादांची यादी ठेवली. ती दर रविवारी वाढते आहे आणि दोन्ही इम्प्लिमेंटेशनमधील याद्या आता एकमेकींशी जुळत नाहीत. ही पद्धत मुळातच चुकते आहे का?

उत्तर (सातपूर)

सारखे दिसणाऱ्या उत्तरांचे कोडे आधी सोडवू. ‘र’, हलन्त आणि ‘य’ एकापाठोपाठ आले की संगणक ‘र्य’ दाखवतो; ‘आचार्य’ लिहिताना तेच हवे असते. पण ‘आचारी’चे ‘आचाऱ्या’ होताना ‘र’ आडवा राहतो आणि त्यासाठी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणात) ०९३१ क्रमांकाचे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. आपल्या कोडने केवळ शेवटचा काना काढून पुढे हलन्त, ‘य’ आणि काना जोडले असतील, तर दोरा, चेहरा, पिंजरा या सर्वांची हीच गत होईल. काना काढल्यानंतर शेवटी ‘र’ उरला तर त्याजागी ‘ऱ’ ठेवावा, एवढा बदल पुरतो.

सहकाऱ्याच्या चाचणीतील ‘वाऱ्या’ बहुधा दुसऱ्या मार्गाने टाइप झाला आहे. काही कळफलक आडवा ‘र’ साधा ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह वापरून उमटवतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण दोन शब्द समान आहेत का हे तपासणारे फंक्शन चिन्हाला चिन्ह जुळवते आणि तेथे ते वेगळेच ठरतात. युनिकोडच्या एनएफसी प्रमाणीकरणानेही (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या मांडण्या एकसारख्या करण्याच्या पद्धतीनेही) ते जॉइनर निघून जात नाही. येथे कोड बरोबर आहे. चाचणीतील अपेक्षित उत्तरच बदलावे.

उत्तर (नाशिकरोड)

वरील उत्तर योग्य आहे, परंतु ‘काका’ आणि ‘निफाड’ यांचा आजार निराळा आहे. आपले फंक्शन केवळ अक्षरांची माळ घेते आणि मराठीचे सामान्यरूप केवळ अक्षरांवरून ठरत नाही. ‘पुजारी’ आणि ‘नदी’ दोन्ही ईकारान्त, पण पुल्लिंगी शब्दाचे ‘पुजाऱ्या’ होते आणि स्त्रीलिंगी शब्द ‘नदी’च राहतो. लिंग कळले तरी पुरत नाही, कारण ‘वाट’ आणि ‘भिंत’ दोन्ही स्त्रीलिंगी असून एकीचे ‘वाटे’ होते आणि दुसरीचे ‘भिंती’. ‘वेळ’ तर निरुत्तरच करतो. ‘थोड्या वेळाने’ मधला वेळ पुल्लिंगी आहे, ‘वेळेवर’ मधली वेळ स्त्रीलिंगी आहे, आणि लिहायला दोन्ही एकच. हा शब्द अक्षरमाळ म्हणून दिला तर कितीही हुशार कोड एका अर्थी चुकणारच.

म्हणून इनपुट अक्षरमाळेऐवजी विकिडेटा या विकिमीडियाच्या खुल्या माहितीसाठ्यातील लेक्सीम, म्हणजे शब्दाची नोंद, असावा, असे माझे ठाम मत आहे. विकिडेटा २०१२ मध्ये सुरू झाला आणि २०१८ पासून त्यावर शब्दांच्या नोंदी, त्यांचे लिंग आणि रूपे नोंदवता येतात. ‘वेळ’च्या दोन नोंदी ठेवल्या की प्रश्नच मिटतो. पायथन किंवा जावास्क्रिप्टमधला कोड स्वतः विकिडेटावर जाऊन काही आणू शकत नाही. त्यासाठी कंपोझिशन (तयार फंक्शने एकमेकांना जोडून केलेले इम्प्लिमेंटेशन) वापरून लेक्सीम आणणारे तयार फंक्शन आधी बोलवावे, नोंदीत सामान्यरूप दिलेले असेल तर तेच परत द्यावे आणि ते नसेल तरच लिंग व अन्त्य स्वर पाहून नियम लावावा. अपवादांची यादी मग कोडमध्ये राहणार नाही, विकिडेटावर जाईल, आणि आपण नोंदवलेला ‘काका’ इतर फंक्शनांनाही मिळेल.

चाचण्यांसाठी जिल्ह्यातले पंधरा तालुके घ्यावेत. येवला, देवळा, सुरगाणा यांना ‘या’ लागतो, दिंडोरी आणि इगतपुरी तसेच राहतात, निफाड, सिन्नर, चांदवड यांना काहीच होत नाही. त्र्यंबकेश्वर मात्र जपून घ्यावे, कारण आपण गावी जातो ते ‘त्र्यंबकेश्वरला’ आणि अभिषेक करतो तो ‘त्र्यंबकेश्वराला’.

उत्तर (इंदिरानगर)

एक छोटी भर. चाचणी लिहून झाली तरी ती फंक्शनला जोडण्याचा अधिकार फंक्शनियरकडे (तो खास अधिकार दिलेल्या सदस्याकडे) असतो, इम्प्लिमेंटेशनचेही तसेच. जोडलेल्यांपैकी कोणते चालवायचे हे यंत्रणा ठरवते, त्यामुळे दोन वेगळ्या याद्या असलेली दोन्ही इम्प्लिमेंटेशन आत्ता जोडलेली असतील तर वापरणाऱ्याला आज एक आणि उद्या दुसरे उत्तर मिळू शकते. तूर्तास एक काढून ठेवावे. नापास होणारी चाचणी मात्र काढू नये. आणि विकिडेटावरील माहिती सीसी-झिरो परवान्याखाली (कोणीही विनाअट वापरावी अशा रीतीने) जाते, तेव्हा हाताशी असलेल्या अलीकडच्या कोशातून नोंदी उतरवून घेऊ नयेत.

प्रश्नकर्ता (पंचवटी)

सर्वांचे आभार. जॉइनरच निघाला, सहकाऱ्याचा कळफलक जुना होता. जावास्क्रिप्टचे इम्प्लिमेंटेशन काढून घेण्याची विनंती केली आहे आणि येत्या रविवारी तालुक्यांच्या नोंदींपासून सुरुवात करू. आमच्यात एक वाद अजून शिल्लक आहे. ‘नाशिक’चे ‘नाशिकला’ होते हे सर्वांना मान्य आहे, पण गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, राहणारी आमच्यातली ज्येष्ठ मंडळी ‘नाशकात’ म्हणतात आणि ते चूक मानायला कोणी तयार नाही. ‘लाडू’चेही ‘लाडवाला’ आणि ‘लाडूला’ असे दोन्ही ऐकू येते. अशा वेळी फंक्शनने एक रूप द्यावे की रूपांची यादी द्यावी?

उत्तर (नाशिकरोड)

लेक्सीममध्ये दोन्ही रूपे नोंदवावीत आणि यादी देणारे फंक्शन वेगळे करावे. ‘निफाड हा नाशिक जिल्ह्यातील तालुका आहे’ यासारखे वाक्य जुळवणाऱ्या फंक्शनला एकच रूप लागते, त्यामुळे सध्याच्या फंक्शनच्या उत्तराचा प्रकार बदलू नये.