गॅपमधला ग्रुप सिंग्युलरमध्ये नेला की इन्व्हेरियंट बदलतात?

शेषवर्ग:
सेज या गणिती सॉफ्टवेअरमधून गॅप (ग्रुपांसाठीची प्रणाली) आणि सिंग्युलर (बहुपदींसाठीची) जोडून वापरतोय. गॅपमध्ये (०, १) आणि (−१, −१) या ओळींचं मॅट्रिक्स 'म' घेतलं. त्याची कोटी ३, म्हणजे म³ = १. इन्व्हेरियंट (ग्रुपच्या क्रियेने न बदलणारी बहुपदी) मिळावी म्हणून सिंग्युलरमध्ये प्रत्येक घटकाचा मॅप (क्ष, य च्या जागी काय घालायचं ते) लिहून क्ष² ची सरासरी काढली, तर ⅔(क्ष² − क्ष·य + य²) आलं. हाताने क्ष→य, य→−क्ष−य घातलं की हे टिकत नाही. पण मोलीन श्रेणी (प्रत्येक घाताचे स्वतंत्र इन्व्हेरियंट किती, हे सांगणारी) जुळते: १ + ट² + २ट³ + … मग चूक कुठेय?

अर्धसाखळी:
मॅपमध्ये स्तंभ वाचले आहेत आणि हाताने तपासताना ओळी. ओळी घेतल्या तर म² च्या ओळी (−१, −१), (१, ०). क्ष² + य² + (क्ष+य)² भागिले ३ म्हणजे ⅔(क्ष² + क्ष·य + य²), आणि ते टिकतं. स्तंभांनी क्ष² + य² + (क्ष−य)² होतं, म्हणून तुमचं उत्तर.

मोलीनवर विसंबू नका. मॅट्रिक्स आणि त्याचं ट्रान्सपोज (ओळी-स्तंभांची अदलाबदल) यांचं १ − टम चं डिटर्मिनंट एकच, त्यामुळे ही चूक त्या श्रेणीत दिसणारच नाही.

आणि खरं तर ही 'चूक' म्हणायची की नाही, हे तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. गॅप ओळ-सदिशावर उजवीकडून क्रिया करतं. क्ष, य हे पायाचे सदिश मानले तर ओळी बरोबर. ते निर्देशक-फलनं (सदिशाचे घटक वाचणारी फलनं) मानले, म्हणजे फ(सम) = फ(स) हवं असेल, तर स्तंभच बरोबर. आधी ते ठरवा, मग मॅप लिहा.

कर्नल_शून्य:
घटकांची सरासरी छोट्या ग्रुपलाच परवडते. एफ४ च्या वाइल ग्रुपमध्ये (चार मितींतला, परावर्तनांनी बनलेला ग्रुप) ११५२ घटक आहेत. तिथे फक्त चार परावर्तनं जनक म्हणून (त्यांच्या गुणाकारांतून सगळा ग्रुप मिळतो) घ्या आणि घात १२ साठी चार चलांच्या ४५५ एकपदींवर रेषीय समीकरणं मांडा: १८२० समीकरणं, ४५५ अज्ञात. कर्नल, म्हणजे त्या समीकरणांची सगळी उत्तरं, काढला की काम झालं. इन्व्हेरियंटचे मूलभूत घात २, ६, ८, १२ (गुणाकार ११५२), म्हणजे किती मिती यायला हवी हे आधीच कळतं.

सेजमधला जुना गॅप इंटरफेस सगळं मजकुराच्या रूपात ये-जा करतो, म्हणून लूपमध्ये रखडतो. त्याऐवजी लिबगॅप (गॅपला थेट लायब्ररी म्हणून जोडणारा सेजमधला इंटरफेस) घ्या. मात्र लिबगॅपमध्ये यादीचा पहिला घटक शून्य क्रमांकावर असतो, जुन्यात एकवर. कोड नुसता उचलून ठेवलात तर काहीही एरर न येता भलतंच मॅट्रिक्स हातात येतं.

अर्धसाखळी:
ओमेगा (१ चं, १ सोडून दुसरं घनमूळ) असलेले मॅट्रिक्स नेणार असाल तर सिंग्युलरच्या रिंगमध्ये 'अ' हा पॅरामीटर घेऊन अ² + अ + १ हा मिनपॉली (अ घातल्यावर शून्य होणारी बहुपदी) लगेच द्या, बहुपदी त्यानंतर. तो राहिला तर 'अ' मोकळा पॅरामीटर ठरतो आणि कोटी ३ चं मॅट्रिक्स कोटी ३ चं राहत नाही. वेग हवा म्हणून मॉड्युलो प (प ही मूळ संख्या) करायचं असेल तर प ने ग्रुपची कोटी (घटकांची संख्या) भागली जात नाही ना, ते बघा; इथे प = ३ चालणार नाही, सरासरीतला ३ ने भागच जाणार नाही.

शेषवर्ग:
मला फलनं हवी होती, म्हणजे स्तंभच. हाताची तपासणी उलटी होती. एफ४ ला कर्नलवाली पद्धत लावतो.